संचालकांचे बूट

लातूरच्या गाडीसाठी दामिनीबाई नांदेडच्या स्टँडवर रांगेत उभ्या होत्या. पुढं दोघं जण. कान दोघांचेही कुस्तीनं चुरगळलेले, इस्त्री मात्र एकाच्याच शर्टाला.

“वस्ताद, कॉलेजात क्रीडा संचालक झाले अन् आखाडा विसरले.”

“कामं लई हायत, ग्यानोबा.”

“आधी ताक-हळद घालून माती तुम्हीच कालवायचे. आता तिथं फरशी टाकायला सही करून राहिले म्हणं.”

“मातीत खेळतंय कोण आता?”

“आत येऊन बघा की.”

“आत जायला बूट काढावे लागतात. पोट आडवं येतंय, वाकणं व्हत न्हाई.”

“एवढंच व्हय? द्या पाय इकडं.”

“ऊठ बाबा, लोक बघायलेत.”

“सही केली का?”

“न्हाई अजून. शनिवारी येतो. ताक आणून ठेव.”

“अन् बूट?”

“चपला घालून येतो.”