काढून टाकलेल्या कोचची प्रॅक्टिस

अरे, काढून टाकलेला माणूस गप्प बसतो असं कोण म्हणतं? आखातात हमद टाउनला फुटबॉल क्लबची गाडी चालवायचो ना, तेव्हा आमचा कोच सर्बियाचा होता. तिकडे खेळताना गुडघा गेला, मग देशोदेशी कोच म्हणून फिरला. आम्ही लागोपाठ हरलो आणि मॅनेजरने त्याला सुनावलं, "खलास!" मला म्हणाला, "फ्लाइट रात्री आहे, पण याला आत्ताच एअरपोर्टवर सोड. ग्राउंडवर दिसला तर तूही घरी."

बॅगा गाडीत टाकल्या. कोच म्हणाला, "आधी ग्राउंडवर घे."

"सर, तुम्हाला काढलंय ना?"

"उद्यापासून. आज प्रॅक्टिस आहे. यल्ला, चल!"

कोच गेला असं समजून गोलकीपर आलाच नव्हता. कोचने शिट्टी मारली आणि बोट माझ्याकडे केलं. मी जन्मात बॉलला पाय लावलेला नाही!

तेवढ्यात मॅनेजरचा फोन. "छोड़ दिया उसको?"

एका हातात ग्लोव्ह, दुसऱ्यात फोन. म्हटलं, "इंशाल्ला छोड़ेगा साहब. अभी मैं गोल में खड़ा है."