आमच्या पक्षातली फूट

फूट पडायला पक्ष मोठाच लागतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं? आमचाही फुटला! राज्यस्तरीय पक्ष होता आमचा. जिल्ह्याचं कार्यालय म्हणजे चिकलठाण्यातलं माझं वेल्डिंगचं दुकान, अन् जिल्हाध्यक्ष मीच. फुटल्याची बातमी आली तसा मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून घरी फोन पुढ्यात घेऊन बसलो. आता दोन्ही गट आपल्याला ओढणार, तर जरा भाव खायचा, असं मनाशी ठरवलं होतं.

दुपार झाली तरी कुणाचा फोन नाय. शेवटी मीच प्रदेशाध्यक्षांना लावला. बायकोला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला.

म्हटलं, "साहेब, तिकडून लई दबाव येतोय माझ्यावर."

साहेब म्हणाले, "मग जा की! आमची काय हरकत नाय."

लगेच दुसऱ्या गटाच्या सरचिटणीसांना लावला. म्हटलं, "मी अजून अध्यक्षांना शब्द दिलेला नाय बरं का."

ते घाईघाईनं म्हणाले, "देऊन टाका, भाऊ! तुमच्यासारखा निष्ठावंत माणूस तिकडंच शोभतो."

मी फोन खाली ठेवला. बायको मेथी निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "उगंच बोंबलतात लोक, पक्ष फुटला म्हणून. तुमच्याबद्दल तर दोघांचं अजून एकमत हाय!"