तिसऱ्या मुक्कामाचे पाणी

वाळवंटातल्या उद्यानात मुक्काम करत पायी भटकण्याचा परवाना काढायला आम्ही रांगेत होतो. काचेबाहेर ऊन स्तब्ध उभे होते. माझ्यापुढचे जोडपे मात्र कुजबुजत होते.

"वेंडेल, तिसऱ्या मुक्कामाचं पाणी तू आधीच जाऊन ठेवलंस, ते कशात ठेवून आलास?"

"दुधाच्या रिकाम्या कॅनांत."

"त्या पातळ प्लास्टिकच्या? आणि किती खोल पुरलेस?"

"पुरेसे खोल, राणी."

"राणीबिणी नको. किती?"

"लोरीन, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. तिथे झरा नाही, डबकं नाही. त्या पाण्यावरच आपण दोघं जिवंत परतणार आहोत."

"खाली खडक लागला गं. फावडं वाकलं."

"मग?"

"झुडपाखाली ठेवले. सावली छान आहे."

"सावलीत डोमकावळेही बसतात. माझ्या सॅकची चेन उघडून त्यांनी खाऊ पळवला होता. ते प्लास्टिक सोडतील?"

"तुला नेहमी वाईटच दिसतं."

"मला तुझी कोरडी पडलेली जीभ दिसते."

खिडकीतल्या रेंजरबाईंनी विचारले, "वाटेत पाण्याची सोय?"

वेंडेल काउंटरवर वाकला.

"बाई, परवाना एक दिवस पुढचा द्या. उद्या पाणी ठेवायला जायचंय."

"पुरायला," लोरीन म्हणाली.