सिद्दीकभाईंची काहील आणि मेंदीचं रोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शेतकरी गटाचे प्रमुख सन्माननीय जयसिंग आप्पा. व्यासपीठावर बसलेल्या कृषी सहायक वैष्णवीताई. ज्यांच्यासाठी आपण हातातली कामं टाकून मांडवगणच्या या सभागृहात जमलो, ते आपल्या गावचे वेल्डर, सत्कारमूर्ती सिद्दीकभाई. त्यांना न्यायला इचलकरंजीहून आलेली त्यांची लेक सना. आणि समोर बसलेल्या माता-भगिनींनो, बांधवांनो,

आप्पांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. भिमाजीचे दोन शब्द किती लांबतात, हे गटाच्या बैठकीत तुम्ही सोसलेलं आहे. आज आणखी थोडं सोसा.

सिद्दीकभाई दुकान बंद करून लेकीकडे राहायला चाललेत. चांगली गोष्ट आहे. उतारवयात माणसानं आपल्या माणसांत असावं. मीसुद्धा सगळ्यांना हेच सांगत फिरतो. फक्त घरी आल्यावर मला जेवण जात नाही, अशी आमच्या घरच्या सगुणाबाईंची तक्रार आहे.

वैष्णवीताईंनी बैठकीत पहिल्यांदा बायोचार म्हटलं, तो दिवस आठवतो का? तुरकाठ्या, नदीकाठची वेडी बाभूळ, जे आपण बांधावर पेटवून देतो, ते कमी हवेत जाळायचं, राख होऊ द्यायची नाही, कोळसा करायचा आणि मातीत घालायचा. माती भुसभुशीत राहते, ओल धरून ठेवते. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं होतं, "पिकाला खत घालत्यात, कोळसा कवा कुणी घातलाय व्हय?" ते कुणीतरी म्हणजे मीच.

भट्टी कोण करणार, हा प्रश्न आला. सिद्दीकभाई दौंडकडच्या एका बंद गुऱ्हाळातली, रस आटवायची गळकी काहील घेऊन आले. तिला ठिगळ लावलं, पत्र्याचा उंच काठ चढवला आणि झाली भट्टी. पहिल्या भट्टीचा कोळसा शेतात पोचलाच नाही. शिक्रापूरच्या ढाब्यावाल्या पप्पूनं तो तंदूरसाठी परस्पर उचलला. म्हणजे आपल्या कांद्याच्या आधी ट्रकवाल्यांच्या रोटीला बायोचारचा लाभ झाला. पुढं मात्र आप्पांच्या कांद्याला पाण्याची एक पाळी कमी लागली, कोळसा गोठ्यात पसरल्यावर वास हटला, तेव्हा लोक पोती घेऊन यायला लागले.

या कामाला दोघं लागतात. एकानं भट्टीच्या कडेला बसून थरावर थर टाकायचे, वरचा जाळ विझू द्यायचा नाही. दुसऱ्यानं पाण्याच्या पिपाजवळ थांबायचं. वर पांढरी राख धरायला लागली की पहिल्यानं हाक मारायची, "पाणी!" आणि दुसऱ्यानं ओतायचं. उशीर झाला की सगळ्याची राख. हाक सिद्दीकभाईंची आणि पाणी माझं, असं न ठरवताच ठरून गेलं. मधल्या वेळात काय करणार? जाळ सोडून उठता येत नाही, त्यामुळं एकमेकांचं ऐकावंच लागतं. माझं सगळं ऐकून घेतलेला माणूस उद्या गावात नसेल. हे मला जड जातंय, ते लपवून काय उपयोग?

समोरच्या भगिनींना सिद्दीकभाईंच्या घरच्या खुर्शिदभाभी आठवत असतील. त्यांच्या अंगणातली मेंदी या गावच्या लेकींच्या हातावर चढली नाही, असं लग्न झालं नाही. भाभी गेल्या. पुढं रस्ता रुंद झाला, त्यात अंगणही गेलं आणि मेंदीही. सिद्दीकभाईंनी तिच्या काड्या जपल्या, रोपं केली आणि एक कब्रस्तानात भाभींच्या उशाशी लावलं. मुरमाड जागा, उन्हाळ्यात ते जळून गेलं. एकदा भट्टीशी बसल्या बसल्या ते म्हणाले, "भिमाजी, ह्यातला मूठभर कोळसा तिथं घालून बघू का?"

दुसऱ्या रोपाला आम्ही कोळसा कोराच घातला. पानं पिवळी पडून तेही गेलं. ताई म्हणाल्या, कोरा कोळसा रोपाचं खाणं स्वतःच ओढून घेतो, त्याला आधी खतपाण्यात भिजवायला हवं. मग मी शहाण्यानं शेतात करतो तसंच केलं. शेण, गोमूत्र, गूळ घालून कोळसा मुरवला आणि बादली घेऊन उत्साहानं त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं.

मग म्हणाले, "राग मानू नको, भिमाजी. शेताला हे बेस हाय. पर आमच्यात मूत कुठलंबी असू दे, नापाक. तिच्या उशाला कसं नेऊ?"

मला कसला आलाय राग? माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं, तर सगुणाबाई म्हणाल्या, "त्यात काय, तांदळाचं धुवण हाय की." रोजचं धुवण त्या मडक्यात साठवायला लागल्या. सिद्दीकभाईंनी पालापाचोळा कुजवला. त्यात मुरलेल्या कोळशावर तिसरं रोप धरलं. आज ते माझ्या कमरेला लागतंय.

सना, तुझ्या अब्बांनी सांगू नको म्हटलेलं आता सांगतो. शेवटची भट्टी लावली त्या दिवशी ते म्हणाले, "जायला मन घेत न्हाई. उन्हाळा तोंडावर आलाय, त्या रोपाला..." आणि तेवढ्यात राख धरायला लागली. त्यांनी "पाणी!" म्हणून हाक मारली, मी ओतलं. विचारायचं राहिलं ते राहिलंच. नंतर त्यांनी विषय काढला नाही, मलाही धीर झाला नाही.

सिद्दीक, शाल-श्रीफळ आप्पा देतील. मी पिशवीत त्याच मेंदीच्या काडीचं रोप आणलंय, खाली आपल्या भट्टीचा कोळसा आहे, धुवणात मुरवलेला. सनाच्या दारात लाव. आणि तू अर्धवट सोडलेल्या बोलण्याचं उत्तर आज सगळ्यांच्या साक्षीनं देतो.

पण त्याआधी रीत पाळतो. अध्यक्षांचे, ताईंचे, चहा करणाऱ्या भगिनींचे आभार. सत्कारमूर्तींना भर सभेत अरेतुरे केलं, घरातलं बोलणं चारचौघांत आणलं, त्याबद्दल सभेनं मोठ्या मनानं पदरात घ्यावं.

आता उत्तर. तू निर्धास्त जा, सिद्दीक. हाक मारायला तू नसशील. पाणी मी घालीन.