एकतिसाव्या पानावरची आई

व्हर्ना: हे बघ, तिसाव्या पानावर आई मेली. बरोबर?

रोविना: बरोबर.

व्हर्ना: आणि एकतिसाव्या पानावर आई चुलीपाशी बसून मला शिव्या देतेय.

रोविना: तेच तर ती विचारतेय, आई. मेलबर्नची संपादक बाई. समासात लाल शाईने लिहिलंय, "मेलेली आई परत कशी आली? दुरुस्त करा."

व्हर्ना: दुरुस्त काय करायचं त्यात? मेली ती एक, शिव्या देतेय ती दुसरी. एक आई मेली म्हणून शिव्या थांबतात होय?

डल्सी: आपल्या आयांच्या तर कधीच थांबल्या नाहीत. दोघींपैकी कुणाच्याच.

रोविना: डल्सीमावशी, तू मासा साफ कर. तिला आणखी चढवू नकोस.

डल्सी: मासा साफ करायला तोंड लागत नाही. ते रिकामंच आहे.

रोविना: आई, दुसरी तुझी मावशी होती. आईची बहीण.

व्हर्ना: आपल्या बोलीत आईच्या बहिणीला काय म्हणतात?

रोविना: आई.

व्हर्ना: मग झालं तर.

रोविना: पण पुस्तक आपल्या बोलीत नाही ना! इंग्रजीत आहे. इंग्रजीत मेलेली बाई पुढच्या पानावर भाकरी भाजायला लागली की लोक गोंधळतात.

व्हर्ना: गोंधळू दे. मी त्यांची पुस्तकं वाचते तेव्हा कितीदा गोंधळते. कुणी लाल शाईने माझी माफी मागितली नाही.

रोविना: सहा महिने झाले, आई. सहा महिने हाच एक शब्द. उद्या दुपारपर्यंत फाइल गेली नाही तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल.

व्हर्ना: बाईला म्हणावं थांब. भरती काय तिच्यासाठी लवकर येते का?

रोविना: हे तू पुस्तकात लिही. फोनवर मला बोलायचं असतं.

व्हर्ना: पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी थांबवलं नाही. तेव्हाची बाई इंग्रजी सुधारते म्हणाली आणि तिने सगळं उकळत्या पाण्यात घातलं. बक्षीस मिळालं, सिडनीत टाळ्या मिळाल्या. आजही ते पुस्तक उघडलं की त्यात मी मला सापडत नाही.

डल्सी: फोटोत आहेस की. मागच्या बाजूला. माझा झगा घातलायस.

व्हर्ना: परत दिला होता मी तो.

डल्सी: बटण नव्हतं त्याला.

व्हर्ना: थांब. थांब जरा. माझा चष्मा... ही तू टाइप केलेली नवी प्रत ना? चव्वेचाळिसावं पान. "मावशीने मला केसाला धरून पाण्यातून ओढलं." मी मावशी कधी लिहिलं?

रोविना: दे ते इकडे.

व्हर्ना: बाईने केलं?

रोविना: नाही.

व्हर्ना: मग?

रोविना: मी केलं. टाइप करताना. नऊ ठिकाणी. मला वाटलं, एवढंसं तर आहे, पुस्तक निघून जाईल, तुझं आयुष्य सुटेल आणि माझंही.

व्हर्ना: मला न विचारता.

रोविना: विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?

व्हर्ना: तीस वर्षं लोकांचं धुणं धुतलंय मी. डाग कुठला आणि नक्षी कुठली, मला कळतं. तू नक्षी धुऊन काढलीस.

डल्सी: जाऊ दे गं व्हर्ना. शब्दच तो एक.

व्हर्ना: तुला जाऊ दे म्हणायची सवयच लागलीय. ही बारा वर्षांची असताना पर्थच्या वसतिगृहातून सुट्टीला आली, बसमधून उतरली आणि तुला "डल्सीमावशी" म्हणाली, तेव्हाही जाऊ दे म्हणाली होतीस.

डल्सी: हातात खेकडा होता माझ्या. तिच्यासाठी पकडलेला. हे ऐकलं आणि तो सुटला. बसच्या खाली गेला, मग सगळेच त्याच्या मागे धावले.

व्हर्ना: मी दोनशे मैलांवर गोऱ्यांच्या चादरी धूत होते. सहा वर्षं ही तुझ्या पोटाशी झोपली. तुला आईच म्हणत होती. मला आधी कोण बाई म्हणून बघायची.

रोविना: हे आत्ता काढायलाच हवंय का?

व्हर्ना: नऊ ठिकाणी तूच काढलंयस. मी नाही.

रोविना: मी बारा वर्षांची होते, आई! फॉर्म भरायचा होता. आईचं नाव. मी दोन नावं लिहिली. शाळेतल्या बाईने सगळ्या वर्गासमोर फॉर्म वर धरला आणि म्हणाली, एक खोड. मुली हसत होत्या. हिला बाप एकही नाही आणि आया दोन! कुठलं खोडायचं तेसुद्धा मीच ठरवायचं होतं. झालं समाधान? सदतीस वर्षं झाली त्याला.

व्हर्ना: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

रोविना: तू कधी विचारलं नाहीस. तू लिहीत होतीस.

डल्सी: मासा झाला. कोण खाणार आहे का नुसतं भांडणार?

व्हर्ना: उद्या डायलिसिसच्या मशीनवरून आले की मी स्वतः पेनाने दुरुस्त करते. नऊच्या नऊ.

रोविना: उद्या मशीनवरून येईपर्यंत दोन वाजतात. आणि रक्त धुऊन आलीस की तुझा हात कापतो.

व्हर्ना: कापत्या हाताने तीन पुस्तकं लिहिलीत मी. आता जरा पडते. माझा वाटा ठेवा. आणि माशाचं डोकं डल्सीला द्यायचं नाही.

डल्सी: थोरलीचंच असतं डोकं.

व्हर्ना: बघ, हिला ऐकू येत नाही म्हणे! रोविना...

रोविना: आता काय?

व्हर्ना: चिडलीस की अगदी आईसारखी दिसतेस. आमच्या.

रोविना: कुठल्या आईसारखी?

व्हर्ना: हां. आता नीट विचारलंस.

(बारा दिवसांनंतर. अंगणात बोआबच्या झाडाखाली चटया अंथरल्या आहेत, चुलीवर चहा ठेवला आहे. घराला कुलूप आहे.)

रोविना: चार्जर आत आहे.

डल्सी: असू दे.

रोविना: लॅपटॉप आत आहे, कागद आत आहेत, माझी चप्पलसुद्धा आत आहे, डल्सीमावशी.

डल्सी: माणूस गेलं की घराला धूर दिल्याशिवाय दार उघडायचं नाही.

रोविना: धूर द्यायला तो म्हातारा येणार कधी?

डल्सी: येईल तेव्हा.

रोविना: काल येणार होता ना?

डल्सी: कालही, येईल तेव्हाच येणार होता.

रोविना: इतके दिवस बंद ठेवलेला फोनही नऊ टक्क्यांवर आलाय. मला मेलबर्नच्या बाईशी बोलायचंय.

डल्सी: मग नऊ टक्क्यांत बोल. उगाच पाल्हाळ नको. लागला का? मोठ्याने लाव, मलाही ऐकू दे.

क्लेअर: रोविना! मी फोन करणारच होते. काय बोलावं कळत नाही. व्ह—

रोविना: नाव नका घेऊ. गेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत.

क्लेअर: सॉरी. ते त्या शुक्रवारी सकाळीच झालं ना?

रोविना: हो. मशीनवर जायला निघाली, गाडीत बसली, पट्टा लावला. मी गाडी सुरू केली तोवर ती गेली होती.

क्लेअर: आणि तरी तुम्ही त्याच दुपारी फाइल पाठवलीत. मला फार भरून आलं. तुमच्या आई, व्हर्...

रोविना: क्लेअर, पुन्हा तेच. तिची बहीण इथे शेजारी बसलीय.

क्लेअर: हो, हो. माफ करा. पण मग मुखपृष्ठावर?

रोविना: छापा. तिने ते कधीच सांगून ठेवलंय. कागदावर चालेल, तोंडात नको. मी त्यासाठी फोन केलेला नाही. त्या फाइलमध्ये नऊ ठिकाणी मावशी आहे.

क्लेअर: हो, आता किती स्वच्छ वाटतं!

रोविना: तो माझा गाढवपणा आहे. ती नको म्हणाली होती. शुक्रवारी हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून होतं तसं पाठवून दिलं. ते परत आई करा. नऊच्या नऊ.

क्लेअर: रोविना, मी समजू शकते, पण पानं उद्या छपाईला जातायत. आणि वाचकाने काय करायचं? एक आई मरते आणि लगेच दुसरी...

रोविना: तीन वर्षांची असताना मला दोन आया होत्या. मी जराही गोंधळले नाही. पुढे एका बाईने फॉर्म माझ्यासमोर ठेवला, तेव्हा गोंधळले.

क्लेअर: कुठला फॉर्म?

रोविना: जाऊ दे. बॅटरी चार टक्के आहे.

क्लेअर: निदान खाली छोटी टीप देऊया? एका ओळीची?

रोविना: नको. एकतिसाव्या पानावरच्या शिव्या नीट वाचा. अशा शिव्या कोण देतं ते कुणालाही कळेल.

डल्सी: त्यातली शेवटची शिवी मी शिकवली होती. हे सांग तिला.

क्लेअर: काय म्हणाल्या त्या?

रोविना: काही नाही. पानं लिहून घ्या. एकतीस, तेहतीस, चव्वेचाळीस दोनदा...

क्लेअर: थांबा, पेन... बरं. चव्वेचाळीस दोनदा.

रोविना: एकावन्न, साठ, शहात्तर, एकशे दोन आणि शेवटचं पान. करताय ना? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

क्लेअर: करते. आजच करते. खरं सांगू? तो शब्द वाचताना मलाच अडखळायला व्हायचं. वाचक अडखळेलच असं नाही. रोविना, तुमच्या आईला...

रोविना: हॅलो? ... गेला. बंद पडला.

डल्सी: करते म्हणाली ना?

रोविना: करते म्हणाली.

डल्सी: शेवटचं काय म्हणत होती?

रोविना: कळलं नाही. आणि चार्ज करायचा तर तुमचा म्हातारा येईपर्यंत थांबायचं. वैताग आलाय मला. उन्हाचा, माश्यांचा, त्या कुलपाचा. तिचा वाटा अजून आत फ्रिजमध्ये तसाच असेल.

डल्सी: मासा? बारा दिवसांचा?

रोविना: डोक्यासकट.

डल्सी: अरे देवा. मग धूर जास्त लागणार.

रोविना: हसू नकोस.

डल्सी: तूच हसतेयस. रडतेयस का? इकडे बघ. बरं, रड. चहा उकळून काळा होईल तेवढा होऊ दे.

रोविना: मी तिला शेवटचं काय म्हणाले माहितीय? गाडीत? "पट्टा लाव, आधीच उशीर झालाय."

डल्सी: लावला ना तिने? कधी नव्हे ते ऐकलं तुझं.

रोविना: चहा उतरवते मी.

डल्सी: काही खाल्लंयस का सकाळपासून? तसं पोट आत गेलंय तुझं. लहानपणीही अशीच होतीस. चिडलीस की जेवायची नाहीस, मग मध्येच उठून माझ्या कुशीत शिरून म्हणायचीस, भूक लागली.

रोविना: आई.

डल्सी: नको गं. हाक मारू नकोस तिला. अजून वाटेतच असेल, मागे वळून बघेल.

रोविना: तिला नाही. तुला म्हणतेय, आई. साखर किती घालू?