उमेळ्याचा आघाडा

हसणार नसाल तर सांगतो. गणपतीच्या पत्रीत आघाडा लागतो, एवढंच मला माहीत होतं. तो दिसतो कसा, ते नव्हतं. तरी आईला ऐटीत म्हणालो, "बाजारातून कशाला आणायचा? उमेळ्याला अंकलच्या वाडीत चिक्कार असेल."

अंकल म्हणजे माझ्या मित्राचे वडील, जन्मभर भाजीची वाडी केलेले कॅथलिक गृहस्थ. मी त्यांना मोबाइलवर पूजेच्या ताटातल्या आघाड्याचा फोटो दाखवला. चष्मा पुसून त्यांनी दोनदा पाहिला.

"असलं काय आमच्याकडं नाय रे. हे चिकटं गवत तेवढं आहे, उपटून उपटून कंटाळलो."

मग त्या चिकट्या गवतातून आम्ही दोघांनी तासभर आघाडा शोधला आणि मी हात हलवत घरी आलो.

दारातच आईनं माझ्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत पँट बारीक काटेरी बियांनी भरली होती. तिनं त्यातली एक चिमटीत धरली. "अरे, आघाड्यानं तुला धरलं, तरी तुला तो दिसला नाही?"

तसाच मागे फिरलो. मी तेच गवत खुडायला लागल्यावर अंकल चाट पडले.

"हे तुमच्या देवाला चालतं?"

"चालतं काय, लागतंच!"

कमरेएवढ्या वाढलेल्या त्या रानावरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि कळवळून विचारलं, "मग तुमचा गणपती वर्षातून एकदाच का येतो रे?"