धक्क्यावरची पेटी

दासगावच्या उतरत्या धक्क्यावर तुळजाबाई लाँचची वाट बघत बसल्या होत्या. पुढ्यातच एक तरणा गडी मुंबईला गिरणीत निघाला होता आणि बायको त्याला पोचवायला आली होती. दोघांचं बोलणं तुळजाबाईंच्या कानावर पडत होतं.

"अवो, पेटी परत घसरली!"

"एवढं कुळीथ कशाला भरलंस गो?"

"जड झाली की जागची हलणार नाय, म्हणून."

"जड पेटी दगडाला घट्ट धरते खरी, पण खाली वढतेय बी तेवढीच. भरलेली काय नि रिकामी काय, या गुळगुळीत दगडावर घसरायचीच."

"मंग धरंल कशानं?"

"खाली खरबरीत गोणपाट घाल. बघ, बसली का नाय?"

"बसली! आता शिमग्यापातूर अशीच बसू दे."

"खुळी हायस. रजा गावली का शिमग्याला येईन."

"गेल्या साली बी असंच म्हनलात. पालखी दारात आली, नि मी एकलीच उभी."

"लाँच आली गो. गोणपाट काढ, म्हंजी पेटी आपसूक खाली उतरंल."

"मी नाय काढायची. तुमीच काढा."

तो वाकला आणि तसाच थांबला.

"गोणपाट ऱ्हाऊ दे तितंच. पेटी मी डोकीवर घेतो."

"जड हाय वो!"

"असू दे."